शिंदळ माकुडी : कड्यावरच्या फुलाचा धर्मविचार

शिंदळ माकुडी ही सह्याद्रीच्या उभ्या कातळकड्यांवर वाढणारी, रुईच्या कुळातली एक लहान मांसल वनस्पती आहे. पुणे जिल्ह्यात जुन्नरचा शिवनेरी आणि पुरंदरचा जोडकिल्ला वज्रगड, साताऱ्याजवळचा सज्जनगड, अकोले तालुक्यातला रंध्याचा परिसर अशा मोजक्या ठिकाणी ती निसर्गतः आढळते. महाराष्ट्राबाहेर ती रानात कुठेच उगवत नाही. कातळाच्या भेगेत मूळ धरून तिची गुळगुळीत हिरवी खोडे खाली लोंबत राहतात. पावसाळ्यात त्यांना पाने फुटतात, कोरड्या दिवसांत ती झडतात आणि मग पुढच्या पावसापर्यंत खोडच अन्न तयार करते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात तिला पाच पाकळ्यांची, चांदणीसारखी, गर्द किरमिजी फुले येतात आणि त्यांवर पिवळसर खुणा असतात. फुलांचा वास माणसाला सुखावणारा नाही. तो माश्यांसाठी आहे, कारण परागीभवन त्याच करतात. बियांना रेशमी केसांचा झुबका असतो. वाऱ्यावर उडालेल्या बियांपैकी फार थोड्या पुन्हा एखाद्या भेगेत अडकतात.

मुंबई इलाख्यातले वनाधिकारी निकोल डाल्झेल यांनी १८६४-६५ च्या सुमारास जुन्नरजवळच्या हिवरे परिसरातल्या नमुन्यांवरून तिचे वर्णन केले. त्या वेळी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर होते. त्यांच्या नावावरून तिला फ्रेरिया इंडिका हे शास्त्रीय नाव मिळाले. तिच्या निकटच्या नात्यातल्या बहुतेक वनस्पतींना पाने नावापुरतीच असतात. हिला मात्र खरी पाने आहेत. कोरड्या हवेशी जुळवून घेताना या गटाने पाने कशी टाकली असतील, याचा माग काढणाऱ्या अभ्यासकांना म्हणूनच ती मोलाची वाटते. भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञ अनेक दशके तिची गणना संकटग्रस्त वनस्पतींत करत आले आहेत. त्याची कारणे गुंतागुंतीची नाहीत. वस्तीची ठिकाणे थोडी आणि एकमेकांपासून दूर आहेत, फळधारणा कमी आहे, हाताला येईल तेवढा भाग शेळ्या खातात, उन्हाळ्यात गवताला लागलेले वणवे कड्यापर्यंत पोचतात, दरडी कोसळतात आणि हौशी संग्राहक खोडे तोडून नेतात.

एखादी वनस्पती किती संकटात आहे हे ठरवण्याच्या कसोट्या आज आकड्यांत बांधलेल्या आहेत. १९४८ साली स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघ १९६४ पासून लाल यादी ठेवतो. त्याच्या नियमांनुसार पूर्ण वाढीच्या व्यक्ती अडीचशेपेक्षा कमी उरल्या तर जाती संकटग्रस्त ठरते आणि पन्नासपेक्षा कमी उरल्या तर अतिसंकटग्रस्त. प्रत्यक्ष व्यापलेले क्षेत्र पाचशे चौरस किलोमीटरांहून कमी असेल आणि त्याचे तुकडे पडलेले असून ते घटतही असेल, तरीही संकटग्रस्ततेचा निकष पुरा होतो. या मोजणीतून धोका किती हे कळते. तो टाळणे हे माणसाचे कर्तव्य का, हे मात्र कळत नाही. माणसाला जिचा औषधासाठी, अन्नासाठी किंवा पूजेसाठी फारसा उपयोग नाही, जी बहुतेकांच्या दृष्टीस कधी पडणारही नाही, अशा वनस्पतीचे देणे माणूस कोणत्या नात्याने लागतो? आणि ते देणे नेमके कोणाचे : भेगेतल्या त्या एका रोपाचे, त्याच्या जातीचे, की त्या कड्याचे? या तीन उत्तरांतून तीन निरनिराळी कर्तव्ये निघतात आणि प्रसंगी ती एकमेकांच्या आड येतात. म्हणून हा प्रश्न आधी धर्माचा व तत्त्वज्ञानाचा आहे, वनखात्याचा त्यानंतर.

पहिले उत्तर भारतीय धर्मविचारात सर्वांत रुळलेले आहे : वनस्पतीत जीव आहे, म्हणून तिला इजा करू नये. जैन दर्शनात वनस्पती एकेंद्रिय जीव आहेत. त्यांना स्पर्शाची जाणीव असते आणि त्यांची हिंसा कर्मबंधाला कारण होते. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात वनस्पतींना आत दडलेली जाणीव आणि सुखदुःख असल्याचे म्हटले आहे. महाभारताच्या शांतिपर्वातल्या भृगु-भारद्वाज संवादात तर झाडे ऐकतात, पाहतात, वास घेतात असे एकामागून एक युक्तिवाद मांडले आहेत.

बौद्ध परंपरेची भूमिका अधिक सावध आहे आणि शिंदळ माकुडीच्या संदर्भात तिला वेगळे महत्त्व आहे. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या आसपास कोरीव लेणी आहेत. त्यांतली काही खुद्द शिवनेरीच्या कड्यात खोदलेली आहेत. इसवी सनाच्या आगेमागच्या शतकांत तिथे वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, करणाऱ्या भिक्षूंसाठी उगवत्या वनस्पतीला इजा करणे हा विनयाचा, म्हणजे संघाच्या आचारनियमांचा, भंग होता. हा नियम का केला गेला, त्याची विनयपिटकातली कथा लक्षात घेण्यासारखी आहे. झाडे तोडणारे भिक्षू एकेंद्रिय जीवाला त्रास देतात, अशी तक्रार लोकांनी केली, आणि त्या लोकभावनेचा मान राखून नियम घालून दिला गेला. वनस्पतीला चेतना आहे की नाही हा वाद त्यासाठी मिटवावा लागला नाही. नियमात मुळापासून, खोडापासून, पेरापासून, शेंड्यापासून आणि बीजापासून वाढणाऱ्या अशा पाच प्रकारच्या वनस्पती सांगितल्या आहेत. तुटलेल्या खोडातून सहज मुळे धरणारी शिंदळ माकुडी त्यांत निःसंशय बसते. वर्षावासाचे महिने आणि तिच्या फुलांचा हंगामही एकमेकांत मिसळतात.

मराठीत या विचाराची सर्वांत धारदार मांडणी ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात आहे. १२९० साली नेवाशात सिद्ध झालेल्या या ग्रंथात अहिंसेचे निरूपण करताना ज्ञानेश्वर आधी खोट्या अहिंसेची मते बाजूला काढतात. हिंसेच्याच वाटेने अहिंसा साधू पाहणाऱ्यांना ते फांद्या तोडून त्याच झाडाला कुंपण घालणाऱ्याच्या रांगेत बसवतात. मग आयुर्वेदाचा प्रसंग येतो. एका जिवाला वाचवण्यासाठी दुसरे जीव कसे खणले, उपटले, सोलले आणि शिजवले जातात, याचे वर्णन ते करतात. वनस्पतीच्या बाजूने उभे राहून वैद्यकाकडे पाहणारे हे लेखन सातशे वर्षांपूर्वीचे आहे, हे पुन्हा पुन्हा आठवावे असे आहे. ते आजच्या वनस्पतिशास्त्रालाही लागू पडते. दुर्मीळ वनस्पतीचा अभ्यास करायचा तर नमुना तोडावा लागतो, दाबून वाळवावा लागतो आणि कागदावर चिकटवून जपावा लागतो. १९५५ पासून पुण्यात असलेल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाच्या संग्रहालयात असे असंख्य नमुने आहेत. त्यांच्याशिवाय कोणती वनस्पती कुठे होती हे सांगता आले नसते. एखाद्या जातीची रोपे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील, तर मात्र त्या नमुन्याचे समर्थन ज्ञानेश्वरांच्या प्रश्नाला सामोरे जाऊनच करावे लागेल.

तरीही केवळ जीवदयेवर दुर्मीळ फुलाचे रक्षण उभे राहत नाही. दयेच्या दृष्टीने सर्व जीव सारखे असतात. शेळीने खाल्लेले कुसळी गवत आणि शेळीने खाल्लेली शिंदळ माकुडी यांत तिथे फरक करता येत नाही. उलट शेळी पंचेंद्रिय आहे, भुकेली आहे, आणि तिच्यामागे तिच्यावर पोट असलेले घर आहे. दया जितकी निखळ, तितका तिचा कौल शेळीच्या बाजूने जाईल. घाणेरीसारखी बाहेरून आलेली झुडपे उपटून काढणे हे संरक्षणाचे नेहमीचे काम आहे आणि प्रत्येक घाणेरीही जीवच आहे. दुर्मीळता हा कोणत्याही एका रोपाचा गुण नाही. एकटे रोप आपण दुर्मीळ आहोत म्हणून अधिक दुखावत नाही. तेव्हा जे वाचवायचे ते रोपापलीकडचे काही असले पाहिजे.

ते म्हणजे जाती. जाती हा शब्द वनस्पतिशास्त्राने मराठीत घेण्याच्या कितीतरी आधीपासून न्याय-वैशेषिकांच्या चर्चेत केंद्रस्थानी होता. भीमाचार्य झळकीकर यांच्या न्यायकोशाची वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांनी संस्कारित केलेली आवृत्ती पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९२८ मध्ये प्रसिद्ध केली. या चर्चेची परिभाषा तिच्यात एकत्र सापडते. नैयायिकांच्या मते जाती किंवा सामान्य हे एक असते, अनेक व्यक्तींत राहते आणि नित्य असते. व्यक्ती जन्मतात आणि मरतात, जाती उत्पन्न होत नाही आणि नष्टही होत नाही. प्रलयात सर्व गाई नाहीशा झाल्या तरी गोत्व नाहीसे होत नाही, आणि नव्या सृष्टीत त्याच गोत्वाच्या गाई पुन्हा जन्मतात.

हे मत मान्य केले तर शिंदळ माकुडीच्या नाशाचा अर्थच बदलतो. शेवटचे रोप सुकले तरी तिची जाती अबाधित राहील, फक्त ती प्रकट व्हायला आधार उरणार नाही. ही भूमिका तर्काने भक्कम आहे, पण जीवसृष्टीविषयी आज जे ठाऊक आहे त्याच्याशी ती जुळत नाही. वनस्पतीची जाती ही पूर्वजांपासून वंशजांपर्यंत बीजातून बीजात उतरत आलेली एक साखळी आहे. ती एकदा तुटली की तशीच दिसणारी वनस्पती पुढे कधी निर्माण झाली तरी ती वेगळी असेल. या बाबतीत नैयायिकांचे प्रतिस्पर्धी असलेले बौद्ध तार्किक अधिक जवळचे ठरतात. धर्मकीर्तीच्या परंपरेला नित्य सामान्य मान्य नाही. खरे असते ते क्षणाक्षणाला बदलणारे एकेक स्वलक्षण, म्हणजे एकेक विशिष्ट वस्तू, आणि त्यांचा कार्यकारणाने जोडलेला संतान, म्हणजे प्रवाह. सामान्य ही बुद्धीने केलेली सोय आहे, प्रवाह मात्र खरा आहे आणि तो खंडित होऊ शकतो. जातीच्या नाशाला नाश म्हणायचे, तर तिच्याकडे असे प्रवाह म्हणून पाहावे लागते.

शिंदळ माकुडीचाच इतिहास या मताला बळ देतो. डाल्झेलने तिच्यासाठी फ्रेरिया ही स्वतंत्र प्रजाती निर्माण केली आणि तिच्यात ही एकच जाती असल्यामुळे तिचे महत्त्व वाढले. १९५८ मध्ये तिला कारालुमा या मोठ्या प्रजातीत हलवण्यात आले आणि पुढे बुसेरोसियात. नव्या वर्गीकरणानुसार ती आपल्या प्रजातीची एकुलती एक उरत नाही. पण या नामांतरांनी शिवनेरीवरच्या एकाही रोपात फरक पडलेला नाही. तिच्या रक्षणाचा दावा प्रजातीच्या एकटेपणावर उभा केला असता, तर तो एका शोधनिबंधाने कोसळला असता. प्रवाहावर उभा केलेला दावा नावे बदलल्याने हलत नाही.

इथे तिसरा आणि सर्वांत अवघड प्रश्न येतो. शिंदळ माकुडी खोडाच्या तुकड्यापासून सहज लागते. म्हणून भारतातल्या वनस्पती उद्यानांत ती आहेच, शिवाय युरोप-अमेरिकेतल्या मांसल वनस्पतींच्या शौकिनांच्या काचघरांतही ती अनेक वर्षांपासून आहे. नातलग वनस्पतींशी तिचे संकरही तिथे झाले आहेत. रोपांची गणती हाच निकष मानला तर तिचा प्रवाह तुटण्याची भीती फारशी नाही. मग कड्यावरची रोपे गेली म्हणून काय बिघडले?

लाल यादीने या प्रश्नाचे उत्तर आपल्या पद्धतीने दिले आहे. केवळ लागवडीत उरलेल्या जातींसाठी तिच्यात वेगळा वर्ग आहे, ‘निसर्गातून नामशेष’, आणि त्याचे स्थान पूर्ण नामशेष या वर्गाच्या लगेच खाली आहे. कुंडीतले अस्तित्व यादी पुरे मानत नाही. हे असे का, याचे जीवशास्त्रीय कारण देता येते. एकाच तुकड्यापासून केलेली शेकडो रोपे आनुवंशिक दृष्ट्या एकच रोप असतात. पाणी, ऊन, माश्या आणि कोरडा दुष्काळी उन्हाळा यांच्याशी चाललेला त्यांचा व्यवहार कुंडीत थांबलेला असतो. जातीचा प्रवाह तिथे वाहत नाही, साठवलेला असतो. पण या भेदामागे जी भावना आहे तिचे नाव महाराष्ट्राच्या धर्मजीवनात आधीपासून आहे. इथे स्वयंभू देव आणि प्रतिष्ठापना केलेला देव यांत फरक केला जातो. प्रतिष्ठापनेची मूर्ती विधिपूर्वक हलवता येते, नवी बसवता येते. स्वयंभू स्थान हलवता येत नाही, कारण तिथे देवाचे माहात्म्य जागेपासून वेगळे काढता येत नाही. कड्यावरची शिंदळ माकुडी अशी स्वयंभू आहे. उद्यानातली तिची रोपे प्रतिष्ठित आहेत. त्यांचाही आदर आहे आणि संकटकाळी त्यांच्यातूनच कड्यावर पुनर्रोपण करता येईल, पण ती मूळ स्थानाची बरोबरी करत नाहीत.

सह्याद्रीत स्थानाच्या या पावित्र्यातून निसर्गरक्षणाची एक जिवंत व्यवस्था उभी राहिली : देवराई. पुण्यात काम करणारे वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा लेख आजही या विषयाचा पाया मानला जातो. देवाच्या नावाने राखलेल्या रानात कोयता चालत नाही. तिथला पालापाचोळाही कित्येक ठिकाणी उचलत नाहीत. एखाद्या वृक्षाला जीव आहे म्हणून हे बंधन आलेले नाही, ते रान देवाचे आहे म्हणून आले आहे. माणसाची मालकी जिथे संपते अशी एक हद्द गावाने आपणहून आखून घेतली आणि त्या हद्दीच्या आत उपयोगाचे आणि निरुपयोगी असे सगळेच वाचले. कोणी कधी नाव न दिलेल्या वनस्पतीही त्यात आल्या. दुर्मीळ वनस्पतीसाठी यापेक्षा चांगले धार्मिक अधिष्ठान क्वचितच सापडेल.

दुर्दैवाने शिंदळ माकुडी देवराईत राहत नाही. देवराई दाट सावलीची असते, हिला उघडा तापणारा कातळ लागतो. उघड्या कातळाला पावित्र्य लाभले ते बहुधा गडांमुळे. शिवनेरीवर शिवाई देवीचे ठाणे आहे आणि १६३० मध्ये तिथे शिवाजी महाराजांचा जन्म झाला. सज्जनगडावर समर्थ रामदासांची समाधी आहे. ही स्थाने लोकांच्या श्रद्धेत इतकी खोल रुजली आहेत की तिथल्या दगडालाही कोणी अनादराने हात लावणार नाही. शिवनेरी हे संरक्षित स्मारक आहे आणि जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जागतिक वारशात नोंदल्या गेलेल्या बारा किल्ल्यांत त्याचा समावेश आहे. पण हा सगळा आदर माणसाच्या इतिहासाला आहे. ज्या कड्याने गड अभेद्य केला त्या कड्यावरच्या जीवसृष्टीपर्यंत तो अजून पोचलेला नाही. देवीच्या जागेत उगवलेली आणि जगात अन्यत्र जवळजवळ नसलेली वनस्पती देवीच्या मालकीची मानायला श्रद्धेच्या दृष्टीने काहीच अडचण नाही. देवराईचा नियम कड्यालाही लावता येतो.

फुलांचा आणि पूजेचा संबंध मात्र दुधारी आहे. शिंदळ माकुडीच्याच कुळातल्या रुईच्या पानांची माळ शनिवारी मारुतीला घातली जाते. ही वनस्पती उकिरड्यावर, रस्त्याच्या कडेला मुबलक असल्यामुळे त्यात काही बिघडत नाही. हरतालिका, गणपती, गौरी या दिवसांत पुण्याच्या मंडईत पत्रीचे ढीग येतात. जुन्या पत्रींत परसात आणि बांधावर मिळणाऱ्या वनस्पती होत्या. परस संपल्यावर तीच पत्री डोंगरांवरून ओरबाडून आणावी लागते. भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायात पान, फूल, फळ आणि पाणी यांचा स्वीकार सांगितला आहे तो भक्ताजवळ जे साधे असेल त्याचा. दुर्मीळ वस्तूची अपेक्षा तिथे नाही. पुराणांत मनाने वाहायच्या आठ भावपुष्पांची कल्पना येते आणि त्यांत अहिंसा हे पहिले फूल मानले आहे. हा विचार धरला तर दुर्मीळ फूल न तोडणे हीच त्याची पूजा होते. त्यासाठी धर्मशास्त्रात कोणतीही दुरुस्ती करावी लागत नाही.

धर्माचा आधार न घेणाऱ्या विचारवंतांनाही या प्रश्नाने सोडलेले नाही. ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ रिचर्ड राउटली यांनी १९७३ मध्ये एक कल्पित प्रसंग मांडला. जगात एकच माणूस उरला आहे आणि मरण्यापूर्वी त्याने सर्व सजीवांचा नाश केला, तर त्याने काही वाईट केले का? कोणत्याही माणसाचे त्यात नुकसान नाही, तरी बहुतेकांना ते कृत्य वाईटच वाटते. याचा अर्थ मूल्य माणसाच्या उपयोगात संपत नाही. कड्यावरच्या फुलाची गोष्ट याहून साधी आहे. ते माणसासाठी उमललेलेच नाही. त्याचा रंग, वास, परागांचे घट्ट पुंज हे सारे माशीला उद्देशून आहे. त्यामुळे सौंदर्याच्या आधारानेही त्याचे रक्षण पुरते सिद्ध होत नाही. फूल राखायचे तर ज्यांच्यावर कोणी कविता करत नाही अशा माश्याही राखाव्या लागतात आणि त्या जगतील अशी सभोवतालची जमीनही.

कायद्याने या दिशेने उशिरा पाऊल टाकले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात वनस्पतींसाठी स्वतंत्र प्रकरण १९९१ च्या दुरुस्तीने आले आणि तेव्हाच्या अनुसूचीत फक्त सहा नोंदी होत्या. हिमालयातले कुठ, ईशान्येकडची घटपर्णी आणि निळे वांडा अशा त्या नोंदींत महाराष्ट्राच्या कातळावरचे एकही नाव नव्हते. २०२२ च्या दुरुस्तीने ही अनुसूची वाढवली. तरी कायदा तोडण्यावर आणि विक्रीवर बंदी घालू शकतो, कड्यावरची आग विझवायला तो येत नाही.

म्हणून तिन्ही उत्तरांतून निघणारी कामे वेगवेगळी धरावी लागतात. जातीचा प्रवाह टिकवण्यासाठी निरनिराळ्या गडांवरच्या रोपांचे नमुने उद्यानांत वेगळे राखावे लागतात, त्यांची सरमिसळ होऊ द्यायची नसते, आणि पुनर्रोपण करताना ज्या गडाचे रोप त्याच गडावर जावे लागते. स्थानासाठी उन्हाळ्याआधी कड्याच्या माथ्यावर जाळरेषा काढाव्या लागतात आणि पायऱ्या, कठडे, विजेचे खांब यांची कामे आखताना कड्याचा कोणता भाग मोकळा सोडायचा हे आधी ठरवावे लागते. जिवाच्या बाजूने पाहिले तर ज्यांची जनावरे गडाच्या उतारावर चरतात त्या घरांना चराईची दुसरी जागा दिल्याशिवाय बंदी लादणे अन्यायाचे ठरते. सर्वांत निकडीचे काम गडसंवर्धनाच्या श्रमदानाशी जोडलेले आहे. तटांची आणि कड्यांची सफाई करताना सगळीच हिरवळ एकसारखी खरवडली जाते. तटात मुळे घालणारे वड-पिंपळ काढणे आवश्यकच आहे, पण त्याच दोरावरून उतरणाऱ्या हातांना भेगेतली लोंबती हिरवी खोडे ओळखता आली पाहिजेत. वर्षातले बरेच महिने त्यांना फूल नसते आणि पानही नसते, तेव्हा ही ओळख खोडावरूनच शिकवावी लागते.